वाढत्या अंगाचे शॉकअप

१२ मे, सोमवार

नागपूरची स्कूटर आठवली आज. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गोकुळपेठेतून भाजी घेऊन घरी यायचो. पिशवी माझ्या मांडीवर, टोमॅटो सगळ्यांत वर. सुधीर प्रत्येक खड्ड्याआधी मान न वळवता म्हणायचा, "आला गं." मी सीटवरून जराशी उठायचे, खड्डा जायचा, टोमॅटो वाचायचे. यात सांगण्यासारखं काय आहे? काही नाही. तरी आठवलं.

आज गाडी मी चालवत होते. हॉस्पिटलमधून परत. बर्फ गेल्यावर इथे कॅनडात सस्काटूनच्या रस्त्यांची नुसती चाळण झालीय. "आला हं" म्हणेपर्यंत खड्डा येऊन गेला. सु.ने दारावरचं हँडल धरलं. ओठ पांढरे. "काही नाही," म्हणे.

काही नाही कसं? दुखणं मणक्यांत उतरलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गो टु युअर लेक. बट गो धिस समर." पुढच्या समरचं त्या बोलल्या नाहीत, आम्ही विचारलं नाही. किती सभ्य सगळे! वीट आला मला त्या सभ्यपणाचा.

तळं उत्तरेला साडेचार तासांवर. त्यातला शेवटचा सव्वा तास खडीचा रस्ता. सव्वीस उन्हाळे गेलो. ह्या गाडीतून, हिच्या आधीच्या गाडीतून. ह्या गाडीचं नाव म्हैस, रंगामुळे आणि चालीमुळे.

घरी आल्यावर त्याने मला बंपर दाबायला लावला. आयुष्यभर पोटॅशच्या खाणीत यंत्रं सांभाळली, खुर्चीत बसून हुकूम सोडायची सवय जात नाही. "अंगाचा भार टाक. सोड. किती वेळा हलली?" चार वेळा. "एकदा वर येऊन थांबायला हवी. स्प्रिंगा ठणठणीत आहेत, शॉकअप मेलेत." वाकून पाहिलं. चाकामागे शॉकअपच्या नळीवरून काळं तेल ओघळलेलं, त्यावर धूळ आणि मेलेले किडे. शिसारी आली. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचं नाचणं थांबवतो. मी चाळीस वर्षं हेच तर करते आहे.

१५ मे, गुरुवार

शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेले. भिंतीवर चिखलाने माखलेल्या गाड्यांची पोस्टरं, कॉफी जळकी, वॉशरूमबद्दल लिहीतच नाही. काउंटरवरचा दाढीवाला मला "यंग लेडी" म्हणाला. अडुसष्ट वर्षांच्या बाईला.

मी म्हटलं, फक्त शॉक्स बदलायचेत, मऊ हवेत, स्प्रिंगा कंपनीच्याच राहू देत. तो हसला. "नोबडी डझ जस्ट शॉक्स. दोन इंच लिफ्ट करा, नव्या स्प्रिंगा टाका. मग बघा कशी दिसते."

दिसायला कोणाला हवीय?

घरी येऊन शिलाईची टेप काढली. जमिनीपासून गाडीच्या पायरीपर्यंत सतरा इंच. सु.चा पाय तेरा इंचांवर जेमतेम उचलला जातो. म्हणून देवघरातला पाट आणला, त्याला खाली दोन फळ्या ठोकल्या. आता पाट चार इंच. सतरातून चार गेले, तेरा. जमतं. त्यात दोन इंच वाढले की संपलं.

सु. पाटावर पाय ठेवेना. "बूट घालून? ह्या पाटावर आपण जेवायला बसलोय."
"ठेव पाय. देवाला मी सांगते."
"तू कॉन्व्हेंटची. तुझं कोणता देव ऐकणार?"
शेवटी बूट काढून मोज्यांवर चढला. हट्टी.

१८ मे, रविवार

केतकीचा रिचमंड हिलहून फोन. लेकीच्या मागे जावयाचा आवाज. निनाद पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, मनाने लोण्यासारखा. गाडीतलं त्याला माझ्याइतकंच कळतं, फक्त मला ते माहीत आहे. "आई, तुम्ही त्या गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका. आय गॉट धिस. मी रिसर्च करून ऑर्डर करतो. बाबांना माझ्याकडून गिफ्ट."

नको म्हणता आलं नाही. जावई पहिल्यांदाच काही देतोय.

२७ मे, मंगळवार

खोकी आली. दारातून आत सरकवताना माझीच कंबर धरली.

लगेच फोन. निनाद खुशीत. "आई, मी हुशारी केलीय. साधे नाही घेतले. दोन इंच लिफ्टवाल्या गाडीला चालतील असे लांब घेतलेत. सेलवर होते. उद्या तुम्ही लिफ्ट केलीत, तर परत घ्यायला नकोत."

वाढत्या अंगाचे!

पाचवीतला माझा ट्यूनिक आठवला. आईने दोन वर्षं पुढचं माप शिवून घेतलेला, खाली वीतभर दुमड. सिस्टरनी सगळ्या वर्गासमोर पट्टीने ती दुमड मोजली होती. वाढेपर्यंत ट्यूनिक विटला, आणि दुमड उसवली तेव्हा खालचा पट्टा नवाकोरा गडद निळा. आमच्या घरात बूट, स्वेटर, सायकल, सगळं वाढत्या अंगाचं. निनादच्या घरीही तेच असणार. पण एकोणीस वर्षांची म्हैस आता कुठे वाढणार?

सु.ने खोक्यावरचा कागद भिंगातून वाचला. मग म्हणाला, "लांब आहेत. पूर्ण दबले तरी लांबच राहतील. आपली गाडी खड्ड्यात खाली बसली की ह्यांना मिटायला जागाच नाही. लोखंडावर लोखंड."
"मग सांग त्याला."
"जावयाला? तू सांग."
"मी कशी सांगू?"
दोघंही चहा पीत बसलो. जावयाच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. अटलांटिक ओलांडून आलो, हे मात्र सामानात बरोबर आलं.
"कदाचित चालतील," सु. म्हणाला. ह्या माणसाने खाणीत कधी 'कदाचित' म्हटलं नसेल.

२ जून, सोमवार

त्याच गॅरेजात बसवून घेतले. दाढीवाला म्हणाला, "युअर पार्ट्स, युअर प्रॉब्लेम." सही घेतली.

परत येताना मी मुद्दाम रेल्वे क्रॉसिंगवरून नेली. सावकाश. पुढची चाकं गेली. मागची गेली तेव्हा खालून हातोडा मारावा तसा आवाज आला. सु. ओरडला नाही. नाकातून एक आवाज काढला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. तो मी बेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

घरी पोचतोय तोच निनादचा फोन. "कसे वाटतायत शॉक्स?"
मी म्हटलं, "एकदम छान हो. गाडी कशी लोण्यासारखी चालते."
शेजारी सु., डोळे मिटलेले. मान हलवून हो म्हणाला. फोनवर मान दिसत नाही, तरी.

५ जून, गुरुवार

तीन दिवस पलंगावर. गोळी वाढवली. त्याला खाल्लेलं उलटलं, चादर मी धुतली. त्याची किळस नाही वाटली. माझी वाटते.

शाळेत कॅथलिक मुली शुक्रवारी कन्फेशनला जायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर. त्या बाहेर यायच्या त्या कशा हलक्या होऊन! मला फार हेवा वाटायचा. मला तेव्हा सांगण्यासारखं पाप नव्हतं. आता आहे, तर जाळी नाही, पलीकडे फादर नाही. ही वही आहे. लिहिते: जावयाला वाईट वाटू नये म्हणून मी नवऱ्याचे मणके ठेचले.

११ जून, बुधवार

निनादला फोन केला. केतकीला नाही, त्यालाच. त्याने "हॅलो आई, एव्हरीथिंग ओके?" म्हणायच्या आत सांगून टाकलं. शॉकअप लांब आहेत. आम्हाला बसवायच्या आधीच माहीत होतं. मी खोटं बोलले.

त्याने आधी बाबांचंच विचारलं.
"बाबांना दुखलं?"
"हो."
"किती?"
"खूप."
मग, "आई, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी काय रुसून बसलो असतो?"
सांगितलं असतं तर वाईट दिसलं असतं, एवढंच.
"मी काही मोजलंच नव्हतं," तो म्हणाला. "सेल पाहिला आणि मोठे घेतले. माझी आईपण..." हसायला गेला आणि रडू लागला. मीही रडले. दोघंही मूर्ख.

मग लगेच इंजिनियर झाला. "काय काय मोजायचं ते बाबांना विचारा."

१८ जून, बुधवार

डार्लीनकडे. सु.च्या हाताखाली खाणीत होती, आता गावाबाहेर शेतावरच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करते. साठीची, एक दात नाही, बोलणं कमी. सु.ला अजून "बॉस" म्हणते. आधी तिच्याकडेच का गेलो नाही? सु. म्हणाला, "तिने मला असं पाहिलेलं मला नको होतं." हाही सभ्यपणाच.

ती गाडीखाली गेली आणि शिव्या देत बाहेर आली. "हू पिक्ड दीज?"
"माय सन-इन-लॉ."
"नाइस गाय?"
"व्हेरी."
"ऑफ कोर्स. नाइस गाइज डोन्ट मेजर."

हिवाळ्यात बर्फ वितळायला मीठ टाकलेल्या रस्त्यांनी खालची लोखंडं खाल्लीत. दोन बोल्ट निघेनात, कापले. गंजाचा भुगा तिच्या केसांत, माझ्या चहात. निनाद व्हिडिओवर. सु. खुर्चीतून सांगतोय, "गाडी चाकांवर उभी असताना मोज, वर टांगून नाही," डार्लीन मोजतेय, निनाद तिकडे आकडे दोनदा म्हणून लिहून घेतोय. बारा डिग्री, वारा, मच्छर, गायीच्या शेणाचा वास. किळसवाणी दुपार. इतकी चांगली दुपार ह्या वर्षात झाली नव्हती.

नवे शॉकअप कंपनीच्या उंचीचेच. पण दर्जा वरचा, छोट्या धक्क्यांना मऊ. स्प्रिंगांना हात नाही लावायचा.

२८ जून, शनिवार

नवे शॉकअप बसले. बंपर दाबला. एकदा वर आली, थांबली. टेप लावली: सतरा इंच. परत लावली. सतराच.

डार्लीन म्हणाली, खडीवर नेऊन बघा. शेतांमधल्या खडीच्या ग्रिड रोडवर घातली. लाटालाटांचा रस्ता, दात वाजतात एरवी. टायरमधली हवा थोडी कमी केलेली. मी दर उंचवट्याआधी "आला हं, आला हं" करत होते. दहा मिनिटांनी उत्तर येईना. गाडी थांबवून पाहिलं तर झोपलेला. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, खिडकीतून आलेली धूळ त्या लाळेवर चिकटलेली. केवढं घाणेरडं ध्यान!

पुसलं नाही. जागा झाला असता. इंजिन चालू ठेवून तशीच बसले, मच्छर मारत.

६ जुलै, रविवार

केतकी चिडलीय. "आई, धिस इज क्रेझी. तिथे सिग्नल नाही. रस्त्यात काही झालं तर?" तिचं बरोबर आहे. शॉकअप म्हणजे औषध नव्हे. कालच दारातल्या साध्या उंबरठ्यावर तो कळवळला. वजन आणखी उतरलंय. डॉक्टरबाई आता "गो" म्हणत नाहीत. "इट्स युअर डिसिजन" म्हणतात. हात झटकायची काय सुंदर इंग्रजी! सिस्टरनी शाबासकी दिली असती.

सु.ला विचारलं, खरं सांग, किती दुखेल?
"दुखेल."
"जायचंय?"
"तू चालवणार असशील तर."
पहिल्यांदा दोघांनीही वाईट दिसण्याचा विचार केला नाही.

१० जुलै, गुरुवार

उद्या सहाला निघायचं. म्हैस भरली. थर्मास, गोळ्या, दोन उशा, पोहे. पुढे काय, मला माहीत नाही. केतकीसाठी लिहून ठेवते. वही फ्रिजवर.

घराची दुसरी किल्ली शेजारच्या बाईंकडे आहे. कुंड्यांना पाणी त्याच घालतील, त्यांना मोठ्या बरणीतलं लिंबाचं लोणचं द्यावं. छोटी बरणी तुझी.

लांब शॉकअप चारही पुसून खोक्यात घातलेत, बेसमेंटच्या जिन्याखाली. ते निनादला. परत पाठवायचे नाहीत, विकायचे नाहीत. कधी त्याने उंच गाडी घेतलीच तर होतील.

बाबांचे पाने आणि हातोड्या डार्लीनला. सगळं. ती नको म्हणेल, शेडमध्ये ठेवून निघून यायचं.

म्हैस आम्हाला नको झाली की तीही डार्लीनला. अट एकच, स्प्रिंगा बदलायच्या नाहीत.

माझ्या मोत्याच्या कुड्या तुला. शाळेचं प्रार्थनेचं पुस्तकही तुला, हसू नकोस.

ही वही तुला. निनादला वाचून दाखव. २ जूनचं पान सोडून. नको, तेही वाच.

पाट कोणालाही द्यायचा नाही. तो आम्ही गाडीत घेतलाय. परत येताना बाबांना चढायला लागेल.