टिकल्या आणि चुना

३ मार्च

"वाजव की, पण माझ्या माघारी." सासू होऊन आत्याबाईंना जेमतेम चार दिवस झाले होते तेव्हा. मी माहेरून आणलेली पेटी पहिल्यांदा उघडली होती. पेटी माळ्यावर गेली, भाता उंदरांनी खाल्ला. आज इतक्या वर्षांनी घरात दुसरं वाद्य आलं आणि आधी तेच वाक्य आठवलं.

सिंथेसायझर. पुण्याचा एक मुलगा परदेशी चालला होता, त्याच्याकडून जुना घेतला. खाली थोड्या पट्ट्या, वर नुसती फिरवायची बटणं. ह्यांनी भोवती एक फेरी मारून विचारलं, "ह्याच्यात गाणी किती?"

"एकही नाही. आवाज आपला आपण तयार करायचा."

"मग त्यानं काढून टाकला ते बराबर हाय."

आत्याबाई उंबऱ्यातूनच — "माझ्या माघारी." वाक्य अजून शाबूत! म्हटलं, हेडफोन आहेत, कानाला लावले की बाहेर काही ऐकू येत नाही.

"मग वाजवून उपेग काय?" म्हणाल्या.

११ मार्च

ह्या मशीनला मेमरी नाही. आवाज साठवून ठेवता येत नाही. बटणं जिथे असतील तोच आवाज. एक हललं की गेला. मला यात काही नवल वाटत नाही. सकाळी भाकरी करताना सुचलेलं कॉलेजच्या लायब्ररीत कामावर पोचेपर्यंत माझं तरी कुठे टिकतं?

१८ मार्च

सापडला. विहिरीची मोटर सुरू झाली की पाणी यायच्या आधी पाइपात हवा गुरगुरते, तसा सुरू होतो आणि मग हळूहळू उजाडतं. हा माझा. बाकी काही लिहवत नाही.

१९ मार्च

गेला. ओतूरच्या कॉलेजातून घरी आले तर सगळी बटणं भलतीकडे.

"फडकं मारलं," आत्याबाई. "धूळ लई बसती त्याच्यावर."

भिंतीवरच्या घड्याळावर दिवाळीपासूनची धूळ आहे. ती दिसत नाही.

२४ मार्च

पुन्हा सापडला! या वेळी टिकल्यांचं पाकीट आणलं. प्रत्येक बटणाच्या टोकासमोर एक लाल टिकली. हललं तर परत तिथेच आणायचं. मशीन नवरीसारखं दिसतंय. हे म्हणाले, "आता हळद लाव अन् वरात काढ."

३० मार्च

टिकल्या जागेवर, बटणं रोज वेगळीकडे. वर आज पांढरे डाग. चुना! तंबाखू मळलेल्या बोटांनीच बाई धूळ पुसतात. ओलं फडकं घेऊन सगळे डाग काढले. चुन्याची डबी लपवली. त्यांच्याकडे दुसरी निघाली.

४ एप्रिल

भैरवनाथाच्या यात्रेत वाजवायचं ठरलं. कमिटीचे दादाभाऊ म्हणाले, "दहा मिनटं देतो वैनी. पब्लिक जमायच्या आत उरकून घ्या. गाणं कुठलं?"

"गाणं नाही. आवाज आहेत."

"आवाज तर डीजेवाल्याचं पण असत्यात. त्याच्यात गाणं बी असतंय."

घरी आल्यावर आत्याबाईंना विचारलं, याल ना? "देवाला येईन. तुझ्या मशीनला न्हाई."

वाटलं होतं, वाईट वाटणार नाही. वाटलं.

९ एप्रिल

चुना. पुसला. पुन्हा चुना. त्या माझी बटणं हलवतात, मी त्यांचा चुना पुसते. दोघींचा दिवस बरा जातो.

१७ एप्रिल

यात्रा. हे कसं लिहू?

सकाळी टिकल्यांप्रमाणे बटणं लावली आणि साडी नेसायला गेले. आले तर मशीन शालीत गुंडाळून तयार. स्टेजवर शाल काढली — एक टिकली नाही. नंतर कळलं, आत्याबाईंनी काढल्या. "येवढी माणसं बघणार, टिकल्या बऱ्या दिसत्यात का?" बटणंही भलतीकडे. चुना मात्र होता तसाच.

दादाभाऊंनी माइकवर हात ठेवून विचारलं, "काय सादर करताय?"

म्हटलं, "बघू."

"तर आता आपल्या गोकुळभाऊंच्या मंडळी, पुष्पावैनी, सादर करत आहेत — बघू."

पट्टी दाबली. माझा आवाज नव्हताच. जाड, थरथरता, मध्येच फाटणारा. पलीकडच्या डोंगरावरून कुणी हाक मारल्यासारखा. आणि देवळामागच्या रानात खतासाठी बसवलेली भिमामामांची मेंढरं उठली. एक भोवतीच्या जाळीतून निघालं. मग सगळीच. भेळवाल्याच्या पाटीतून, खुर्च्यांमधून, थेट स्टेजपाशी. येऊन उभी राहिली आणि गप्प. यात्रेत इतकं मन लावून कुणी ऐकलेलं मी पाहिलं नाही.

दादाभाऊ माइकवर, "मेंढरांच्या मालकांनी स्टेजजवळ यावं. पब्लिकनं मागं सरावं. मेंढरांना बसू द्या."

भिमामामा काठी घेऊन धावत आले. आत्याबाईंचे धाकटे भाऊ ते. काठी उगारली आणि तशीच राहिली.

"पुष्पे, हे कुठून आणलंस? आमची आक्का मेंढरं अशीच बोलवायची. डोंगरावर व्हती तवा. लगीन झालं अन् बंद."

१८ एप्रिल

आत्याबाईंना सगळं सांगितलं. "मेंढरांना काय कळतंय," म्हणाल्या आणि तंबाखू मळत बसल्या. बराच वेळ मळत होत्या.

२२ एप्रिल

लायब्ररी दुपारीच बंद झाली. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं.

आत्याबाई मशीनपुढे. पदरावरून हेडफोन. डोळे मिटलेले. एका हाताचं बोट पट्टीवर, दुसऱ्या हाताने बटण तिळभर फिरवत होत्या. मग थांबल्या. डबीतून बोटावर चुना घेतला आणि बटणाच्या टोकासमोर ठिपका दिला. मग पुढचं बटण.

मी पावलं न वाजवता फाटकापर्यंत मागे गेले आणि फाटक मोठ्याने आपटलं. आत आले तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं.

"लौकर आलीस? धूळ लई बसती बाई."

२३ एप्रिल

महिनाभर मी काय पुसत होते!

आज एकाही ठिपक्याला हात लावला नाही. शेजारी माझ्या टिकल्या पुन्हा लावल्या. दोन्ही मावतात. हेडफोन काढून स्पीकर जोडून ठेवला आहे. चहा देताना विचारीन. "न्हाई" म्हणतील. "मी फडकं मारत व्हते" म्हणतील. माहीत आहे. तरी —

आत्याबाई, एकदा माझ्यासमोर वाजवाल?