हेलेबूचे बेकार

१ ऑक्टोबर, गुरुवार

हेलेबू मला मिळालं! म्हणजे टोर्केलने माझ्या गळ्यात मारलं. जेवणाच्या सुट्टीत वाटाण्याचं सूप ओरपत होते, तर समोर येऊन बसला. "सिग्ने, सोपं काम आहे. आठवडाभर जा, चार लोकांशी बोल, बंद करायची शिफारस लिहून ये."

साहेब झाला म्हणून काय! निकाल आधी, तपास मागाहून!

मागास भागांत सरकारी पैशाने जे विकास कार्यक्रम चालतात, त्यांचा खरंच उपयोग झाला का, हे आम्ही शोधतो. लोकांना वाटतं आम्ही बिलं तपासतो. बिलं तपासणारे वेगळे. आमचा प्रश्न एकच – हा पैसा आला नसता, तर काय वेगळं झालं असतं? त्या एका प्रश्नावर माझं अर्धं आयुष्य गेलंय आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. योआर म्हणतो, तू लग्नाच्या वाढदिवसालाही हाच प्रश्न विचारशील.

हेलेबू नॉर्वेच्या सीमेला चिकटून. लाकडाची गिरणी बंद पडली, तेव्हा सरकारने तिथे प्रौढांसाठी शिक्षणकेंद्र काढलं. वेल्डिंग, नळकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा. आणि टोर्केलच्या तक्त्यात शिकून बाहेर पडलेले निम्म्याहून जास्त लोक बेकार! शेजारच्या तालुक्यात असं केंद्र नाही, तरी तिथली स्थिती बरी. शिफारस गेली की नव्या वर्षात केंद्राला टाळं.

तक्ता चुकीचा नाही. मी दोनदा पाहिला. पण मला तो आवडला नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

पोचले. पाऊस. खोलीला गिरणीच्या जुन्या कचेरीचा वास येतो, कारण ती गिरणीची जुनी कचेरीच आहे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

मूर्ख मी! आज एल्कच्या, म्हणजे त्या थोराड हरणांच्या, शिकारीचा पहिला दिवस. दुकानात शुकशुकाट, पालिकेत एक फोन उचलणारी बाई, केंद्राच्या दारावर पाटी – "जंगलात आहोत." स्टॉकहोममध्ये राहून इतकं साधं विसरले! टोर्केलला कळलं तर नाताळापर्यंत चिडवेल.

संध्याकाळी गुन्वोर आली. केंद्राची प्रमुख. साठीची असेल, केशरी टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, "बसून काय करशील? उद्या आमच्याबरोबर चल. सगळे तिथेच भेटतील."

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज काय मिळालं! घाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय!

शेकोटीभोवती सगळा गाव. कॉफी, सॉसेज, दालचिनीचे पाव, आणि शिकारीपेक्षा गप्पाच जास्त. माझ्या शेजारी मारित नावाची बाई, तिशीतली, खांदे सुताराचे असावेत तसे. केंद्रात वेल्डिंग शिकलेली. माझ्या तक्त्याप्रमाणे बेकार. मी जपून विचारलं, सध्या कसं चाललंय? असं विचारताना फार हळू बोलायचं असतं, माणसं दुखावतात.

"मस्त! आठवडाभराची रजा टाकलीय ना."

मी पाव चावायचा थांबले. बेकार माणूस रजा टाकतो?

"रजा? कुणाकडे?"

"क्वेर्नमूला. जहाजांच्या कारखान्यात. नॉर्वेवाले कुरकुरतात दरवर्षी. म्हणतात, एल्क निघाला की हेलेबूवाले पळाले! म्हटलं, तुमची बोट कुठे पळून जात नाही, एल्क जातो." सगळे हसले. पलीकडून एक म्हातारा ओरडला, "अगं, नॉर्वेवाल्यांनी बांधलेली बोट असेल तर ती तळाशीच असते, शोधायला सोपी!"

मी आणखी विचारणार, तोच गुन्वोर मध्ये आली. "मारित, हिला कॉफी दे आधी. किती प्रश्न विचारते ही!"

मग मी एकेकाला गाठलं. रजा, रजा, रजा! हा क्वेर्नमूच्या कारखान्यात, ती तिथल्या दवाखान्यात, तो नळकामाला. अख्खी शेकोटी रजेवर!

इथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या नोंदीत नोकरी म्हणजे स्वीडिश मालकाने कळवलेली नोकरी. नॉर्वेचा मालक आम्हाला कशाला कळवेल? सकाळी सीमा ओलांडून जो कामाला गेला, तो आमच्या तक्त्यात घरी झोपलाय!

एका माणसाने मात्र रजा टाकली नव्हती. मारितचा नवरा अर्विद. गिरणी गेल्यापासून घरी. हाताने काटक्या मोडत म्हणाला, "मी खरा बेकार. जानेवारीत माझी तुकडी सुरू होणार आहे. केंद्र राहिलं, तर." माझ्याकडे न बघता म्हणाला. मी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एल्क एकही मिळाला नाही. मला मिळाला!

१४ ऑक्टोबर, बुधवार

टोर्केलला फोन. "शेकोटीवरच्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे." बरोबर आहे. चिडले, पण बरोबर आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सीमेवरच्या दुकानात नॉर्वेवाल्यांची झुंबड. गाड्या भरभरून डुकराचं मांस आणि गोळ्या-चॉकलेटं नेतात, इथे स्वस्त म्हणून. आठवडाभर हेलेबू नॉर्वेला जातं, शनिवारी नॉर्वे हेलेबूत येतं. आणि आमच्या नकाशावर मध्ये जाडजूड रेघ!

मुक्काम वाढवलाय. योआर फोनवर म्हणाला, "तिकडेच घर घे."

१९ ऑक्टोबर, सोमवार

शिकारीचा आठवडा संपला. पहाटे उठून पाळणाघरासमोर उभी राहिले. हेलेबूचं पाळणाघर पाच वाजता उघडतं! झोपेतली पोरं खांद्यावर, डबे, टोप्या, दाराशी "संध्याकाळी बाबा येईल". मग एकामागून एक गाड्यांचे दिवे, सगळे पश्चिमेकडे. बेकारांच्या गावात पाच वाजता पाळणाघर! मला रस्त्यावरच नाचावंसं वाटलं. थोडी नाचलेही. अंधार होता.

तिथल्या बाईला विचारलं, हे कुणाला सांगितलं नाहीत का? "कुणी विचारलं नाही," म्हणाली.

२१ ऑक्टोबर, बुधवार

क्वेर्नमूला जाऊन आले. कारखान्याचा व्यवस्थापक आडदांड आणि बोलघेवडा. "हेलेबूवाले उद्या आले नाहीत, तर मला फाटकाला कुलूप लावावं लागेल! पण प्रमाणपत्र नसेल, तर मी माझ्या भावालाही आत घेत नाही. गुन्वोरकडचा कागद असला की डोळे मिटून घेतो." हेच हवं होतं! म्हणजे नुसती सीमा जवळ असून भागत नाही. शिकल्याशिवाय पलीकडचं फाटक उघडत नाही.

परतताना गुन्वोरकडे गेले. तिला आनंदाने सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

"नॉर्वेचं लिहायलाच हवं का?"

"तोच तर तुमचा विजय आहे, गुन्वोर!"

"स्टॉकहोमवाले म्हणतील, आमच्या पैशाने परक्यांना कामगार पुरवले."

"म्हणू देत. मी बघते त्यांच्याकडे."

सोललेला बटाटा पातेल्यात टाकत म्हणाली, "सिग्ने, बरं लिही आमच्याबद्दल. पण फार बरं नको."

या सीमेकडच्या माणसांचं हे असंच! कौतुक केलं की अंग चोरतात. चारचौघांत उठून दिसायचं नाही, हे आईच्या दुधातून आलेलं. माझी आईही अशीच होती. मी गुन्वोरचा हात दाबला आणि सांगितलं, या वेळी मी तुम्हाला लाजू देणार नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आकडे आले! आपल्या सीमेवरचे लोक पगार नॉर्वेत घेतात आणि कर इथे भरतात. म्हणजे कर खात्याला ते दिसतात, फक्त आम्हालाच दिसत नव्हते. करांची माहिती जोडली आणि हेलेबू उठून उभं राहिलं! शिकलेल्यांपैकी जवळजवळ सगळे कामावर.

पण माझं समाधान एवढ्याने होत नाही. ते तसेही कामाला लागले नसते कशावरून? म्हणून ज्यांनी अर्ज केला, पण जागा नव्हती म्हणून राहिले, त्यांना शोधून काढलं. तेच गाव, तेच वय, तीच हौस. त्यातले बहुतेक अजून घरी. अर्विदसारखे. फरक केंद्राचाच आहे. एवढा स्वच्छ निकाल मला सबंध नोकरीत मिळालेला नाही.

आणि तो "बरी स्थिती" असलेला शेजारचा तालुका? सीमेपासून लांब. तिथले लोक देशातच कामाला जातात, म्हणून तक्त्यात दिसतात. बस्स!

रात्रभर झोप येणार नाही. न येवो!

१९ नोव्हेंबर, गुरुवार

जिंकले!

केंद्राचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे तासभर बोलले. टोर्केलने पहिला दगड टाकलाच – "आपला पैसा, नॉर्वेचा फायदा." मी त्याचीच वाट बघत होते. विचारलं, मारित झोपते कुठे? किराणा कुठे घेते? कर कुणाला भरते? तिची मुलगी कुठल्या शाळेत आहे? त्या शाळेत यंदा नवा वर्ग उघडावा लागला, हे ठाऊक आहे का? नॉर्वेने पगार द्यायचा आणि गाव आपलं जगायचं. याहून चांगला सौदा मला दाखवा!

कुणी तरी हसलं. मग बरेच हसले. मंत्रालयाच्या बाईने चष्मा काढला आणि म्हणाली, "आजवर सगळे सीमाभाग आपण असेच चुकीचे मोजत आलो?"

"हो," मी म्हटलं. नुसतं "हो". काय मजा आली म्हणून सांगू!

बंद करायची शिफारस मागे. टोर्केलने बाहेर आल्यावर हात पुढे केला. "माझा तक्ता गेला कचऱ्यात." रडवेला नव्हता, मोठ्या मनाचा आहे तो. मग मला केक खायला नेलं. दोन तुकडे खाल्ले, वर त्याच्यातला अर्धा.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मारितला फोन केला. किंचाळलीच! मागे अर्विदचा आवाज, "जानेवारी? नक्की?" नक्की, नक्की! तो हातमोजे घ्यायला निघाला म्हणे, वेल्डिंगचे. आजपासूनच!

गुन्वोरने फोन उचलला नाही. वर्ग चालू असेल.

२९ नोव्हेंबर, रविवार

खिडकीत नाताळाचे दिवे लावले. योआर म्हणतो, तू हल्ली जिन्यावरूनही छाती काढून उतरतेस. उतरेन! वर्षानुवर्षं लिहिलेले अहवाल कपाटात गेले. या एकाने माणसं वाचवली. मला फार अभिमान वाटतोय आणि तो इथे नाही लिहायचा तर कुठे?

४ डिसेंबर, शुक्रवार

मंत्रालयाने माझी पद्धत उचलली! यापुढे सगळ्या सीमाभागांची बेकारी अशीच मोजणार. विभागात टाळ्या. मी लाल झाले. (आईचं दूध!)

११ डिसेंबर, शुक्रवार

टोर्केल दाराशी आला, खुशीत. मदत मिळणाऱ्या तालुक्यांची नवी यादी निघाली, तुझ्या पद्धतीने केलेली पहिली, म्हणाला. कार्यक्रम चालू राहणार, पुढची सात वर्षं. मी हेलेबू शोधलं. नव्हतं. मदत जास्त बेकारी असलेल्या तालुक्यांनाच मिळते. हेलेबूत तेवढी बेकारी नाही, हे मीच सिद्ध केलंय. केंद्र एकतीस तारखेला बंद. अर्विदची तुकडी भरणार नाही.

गुन्वोरने आज फोन उचलला. चिडली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मी उगाच गप्प होते होय गं?"