नाव झाकून वाचलेलं पत्रक

बाई,

"नाव झाकलं तरी तुझा पेपर मला कळतो," असं तुम्ही नववीच्या वर्गात म्हणाला होतात. सहामाहीचे पेपर तपासताना तुम्ही प्रत्येक उत्तरपत्रिकेचा वरचा कोपरा दुमडून त्याला टाचणी लावायचात, म्हणजे पेपर कोणाचा ते दिसू नये. तरी मुली कुजबुजायच्या की बाई लाडकीला जास्त मार्क देतात, आणि एकीनं ते तुमच्या तोंडावर विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. टाचण्या काढता काढता माझ्याकडे पाहून म्हणालात, "नाव झाकलं तरी तुझा पेपर मला कळतो, पोरी. म्हणून तर सगळ्यात शेवटी तपासते, आन् दोन मार्क कमी देते." वर्ग हसला. मीही हसले, आणि मान खाली घालून किती तरी वेळ खूश राहिले. आपला जिल्हा त्या वर्षी नवा झाला होता. मंठ्याच्या दुकानांत जुन्याच वह्या मिळायच्या आणि त्यांवर छापलेलं 'जिल्हा परभणी' खोडून आम्ही 'जालना' लिहायचो. तुम्ही तेव्हा जेवढ्या होतात, जवळपास तेवढी मी आता आहे.

त्याच वर्षी तुम्ही मला वर्गात उभं केलं होतं. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी गाय लिहिली होती. तिचे टपोरे डोळे, गळ्यातली घंटा, संध्याकाळचं हंबरणं, सगळं होतं. तुम्ही वही हातात धरून विचारलंत, "तुमच्या घरी गाय हाय?" मी म्हणाले, "न्हाई बाई." "मंग ही कोणाची सोडून आणलीस?" पुन्हा वर्ग हसला, आणि या वेळी मी हसले नाही. शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. पंचायत समितीच्या मागे तुमच्या दोन खोल्या होत्या. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला गवती चहा तुम्ही कात्रीनं कापलात, वातीच्या स्टोव्हवर गूळ घालून उकळलात आणि माझ्यासमोर काळा चहा ठेवलात. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर करडईचं तेल. घरात दूध नव्हतं, ताक नव्हतं, तूप नव्हतं. मला वाटलं, बाईंची परिस्थिती नसेल. विचारायला जीभ वळेना, पण माझी नजर तुम्ही पाहिली असणार.

मग तुम्ही तुमच्या गावची, टेंभुर्णीची गोष्ट सांगितलीत. तुम्ही आठ वर्षांच्या होतात. घरच्या म्हशीचं रेडकू मेलं, आणि म्हैस दूध देईना. काकांनी रेडकाचं कातडं काढून वाळवलं, त्यात भुसा भरला, शिवलं आणि रोज सकाळी ते म्हशीसमोर उभं करायला लागले. त्याला पाय नीट नव्हते, म्हणून ते धरून ठेवायचं काम तुमच्याकडे आलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. "चाटून चाटून त्याचे केस गेल्ते," तुम्ही म्हणालात, "आन् ती माझा हातबी चाटायची. हात कोणाचा, कातडं कोणाचं, तिला काही कळत नव्हतं. तवापासून दूध माझ्या घशाखाली जात न्हाई. मी कोणाला सांगत न्हाई हे. लोक हसतात." चहाचा कप धुताना तुम्ही पाठमोऱ्याच बोललात, "निबंधात एक तरी गोष्ट अशी खरी पाहिजे. बाकीचं तिच्या आधारानं उभं राहतं." निघताना तुम्ही मला एक वही दिलीत. उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वर घेऊन तुम्ही ती दोऱ्यानं शिवली होती.

दहा-अकरा वर्षांनी मी जालन्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. तुम्ही अजून मंठ्यालाच होतात. जालना रस्त्यावरच्या हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवायच्या कारखान्यातून, रोज पोती बाहेर पडतात आणि नाल्यात जातात, हे तुम्हाला स्टँडजवळच्या सायकलवाल्या चाचांनी दाखवलं. पोत्यांत एक दिवसाची नर पिल्लं होती. नर अंडी देत नाही, म्हणून तो ठेवत नाहीत. पोतं हलत होतं. तुम्ही घरी येऊन अर्ज लिहिलात, आणि मग तो नीट लिहायला मला बोलावलंत. असं ते मंडळ सुरू झालं: तुम्ही, चाचा, जालन्याचे कापडवाले शेठजी, त्यांची गोशाळेची माणसं, दोन-तीन शिक्षक. अर्ज मी लिहायची, इतिवृत्त मी लिहायची. कंपनीला तिथेच दहा पट मोठी हॅचरी काढायची होती आणि त्यासाठी तिथल्या गावच्या ग्रामसभेची परवानगी हवी होती. शेठजींचा शब्द त्या गावात चालायचा. ग्रामसभा नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटत होतं. कंपनीलाही तसंच वाटत होतं, हे मला नंतर समजलं.

कंपनीचा माणूस लेबलं छापायला आमच्याच छापखान्यात यायचा. शांत, चष्म्याचा, बोलताना 'ताई' म्हणणारा. एकदा तो मालकांना म्हणाला, एक पत्रक लिहून हवंय, गावच्या भाषेत. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही लिहिती. लिही ना, आपल्याला काय. खर्चा त्यांचा." मी म्हणाले, मी त्या मंडळात आहे. तो हसला. "म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू माहीत. उत्तमच." त्यानं माझा अर्ज वाचलेला होता. कचेरीतून मिळवला असेल. म्हणाला, "तो अर्ज तुम्हीच लिहिलात ना? जान आहे तुमच्या लिहिण्यात. अर्जात वाया जातेय." बाई, तुमच्यानंतर मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मालक मला काढणार नव्हते. मुद्रितं वाचणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नव्हतं.

चहा आला. मी गमतीनं म्हणाले की आमच्या बाई तर चहात दूधही घालत नाहीत. त्यानं कप खाली ठेवला. "आणि शेठजी?" मी म्हणाले, शेठजींची तर गोशाळाच आहे, त्यांच्याकडे सकाळ दुधानं होते. तो म्हणाला, "ताई, पत्रकात कोंबडीचा शब्दसुद्धा नको. पिल्लांचा नको, आमचा नको. फक्त दुधाबद्दल लिहा."

मी ते एका दुपारी लिहिलं. खाली नाव घातलं, 'एक शेतकरी भगिनी'. बायांनो, आज कोंबडीवर आलेले लोक उद्या तुमच्या दावणीवर येणार आहेत, असं लिहिलं. लेकराच्या वाटीतलं दूध हे काढून घेतील, म्हशी सोडून द्यायला लावतील. वाचून पाहिलं तर पोकळ वाटलं. त्यात एकही गोष्ट खरी नव्हती. मग मी रेडकाची गोष्ट घातली. लिहिलं की या मंडळाच्या बाई लहानपणी भुशाच्या रेडकाला धरून उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्यांना दूध विष वाटतं, आणि आता ते विष त्या गोमातेच्या भक्तांना पाजायला निघाल्या आहेत. म्हशीची जीभ लिहिली. गेलेले केस लिहिले. लिहून झाल्यावर बरं वाटलं, हेही सांगते. मजकूर उभा राहिला होता. तो छापतात ते पाहायला मी यंत्राजवळ गेले आणि एक चूक दुरुस्त केली.

बैठक शेठजींच्या दुकानाच्या माडीवर होती. सतरंजीवर मी नेहमीच्या जागी, हातात इतिवृत्ताची वही. शेठजींनी पत्रक तुमच्यासमोर सरकवलं. "बाई, तुम्ही दूध पीत नाही, हे आम्हाला या कागदावरून कळावं?"

"कोणी विचारलं न्हाई शेठजी."

"आणि हे रेडकाचं? हे खरं का?"

मी वहीत पाहत होते. तुम्ही खोटं आहे म्हणाला असतात, तर ते पत्रक तिथेच मेलं असतं. कोणी लिहिलं, कोणाला फायदा, असं सगळे विचारायला लागले असते. तुम्ही म्हणालात, "खरं हाय."

मग सगळे बोलायला लागले. गोशाळेचा एकजण म्हणाला, गाईचं दूध घेणं हा तिचा छळ आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "मी कोणाला सोडा म्हणले का? आपण पिल्लांसाठी जमलो ना?" दुसरा चाचांकडे वळून म्हणाला, की यांच्या घरी तर रोज मटणाची हंडी चढते. चाचांनी मांस सोडून दोन वर्षं झाली होती आणि त्यावरून घरचे त्यांची टिंगल करायचे. ते म्हणाले, "हंडी बेगमची हाय, पेट मेरा हाय. पेट तपासो." कोणी हसलं नाही. शेठजी शांतपणे म्हणाले की दुधाला नाव ठेवणाऱ्या माणसांबरोबर आमचं नाव नको. ते काही वाईट माणूस नव्हते. पिल्लांची पोती पाहून त्यांनी त्या दिवशी जेवण घेतलं नव्हतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चा झाली.' पुढच्या महिन्यात ग्रामसभेनं परवानगी दिली. सभेला शेठजी गेले नाहीत. चाचा आणि तुम्ही, दोघंच उभे होतात म्हणे. मीही गेले नाही.

तीन-चार आठवड्यांनी मी तुमच्याकडे आले. का आले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही दार उघडलंत, बस म्हणालात, आणि शेजारच्या मुलीला हाक मारून वाटी दिलीत. "जा, जल्दी दूध घेऊन ये." मी म्हणाले, "बाई, मला गवती चहाच चालतो." तुम्ही म्हणालात, "न्हाई. तू पाहुणी." दूध आलं. तुम्ही ते पातेल्यात ओतताना तोंड थोडं बाजूला केलंत. माझ्यासमोर दुधाचा चहा, तुमच्यासमोर काळा. तुम्ही मालकांचं विचारलंत, माझ्या आईच्या गुडघ्यांचं विचारलंत. पत्रकाबद्दल एक शब्द नाही. त्या वेळी मला वाटलं, सुटले. बाईंना कळलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचा भाचा दहाव्याच्या कार्डाचा मजकूर घेऊन आमच्याच छापखान्यात आला. मला म्हणाला, "तुम्ही बाईंच्या विद्यार्थिनी ना, दोन ओळी तुम्हीच घाला." मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांवर मायेची पाखर घालणाऱ्या'. सोडून आणलेली गाय. ते छापलं गेलं. मी रडले नाही. अजूनही रडू येत नाही. हॅचरी आता लांबलचक आहे, रात्रंदिवस दिवे असतात. मंठ्याला जाताना एसटीतून वास येतो तेव्हा लोक खिडक्या लावतात. मीही लावते.

मागच्या महिन्यात स्टँडवर चाचा भेटले. आता दुकान मुलगा बघतो, ते खुर्चीवर बसून असतात. तुमचा विषय निघाला. म्हणाले, "वो पर्चा याद हाय? बाई ने मेरी दुकान पे इच पढ़ा था. बैठक के पहले." चाचाच पुढे म्हणाले, "एक बार पढ़े. फिर नीचे नाव था ना, उसपे हात रखे, ऐसा, और फिरसे पढ़े." त्यांनी आपला म्हातारा पंजा गुडघ्यावर पालथा ठेवून दाखवला. "मी बोललो, क्या हुआ बाई? तर बोलल्या, काही न्हाई चाचा. चांगलं लिहिलंय."

बैठकीच्या आधी. म्हणजे माडीवर मी इतिवृत्त लिहीत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मंडळ वाचलं असतं, कदाचित ते पिल्लांचं कामही. तुम्ही फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंत.

हे मी तुम्ही शिवलेल्या त्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. मागच्या बाजूला 'खालीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा' असं अजून वाचता येतं. हे कुठे जाणार नाही, वहीतच राहील. वरच्या कोपऱ्यात नाव लिहून मी तो दुमडलाय आणि टाचणी लावलीय. एक राहिलं. त्या दिवशीचा दुधाचा चहा मी सगळा प्यायले, बाई. चांगला झाला होता.

एकच मागते. तुम्ही ते ओळखलं नव्हतं, असं एकदा म्हणा. खरं नसलं तरी म्हणा.