पहिल्या ओळीतली सही

९ जानेवारी
गणपतीनंतर वही उघडली नाही. माफी वहीचीच मागते. लिहिण्यासारखं होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

नाल्याला कठडा झाला. सोसायटीभर कौतुक. साध्या माणसांनी मागितलं आणि महापालिकेने ऐकलं, म्हणे.

सह्यांचा कागद एप्रिलपासून फिरत होता. नावं मी सोसायटीच्या यादीवरून आधीच लिहिलेली. पहिलंच नाव तळमजल्याचे साठेकाका. त्यांनी दारातूनच परत पाठवलं: "सह्या रद्दीत जातात गं." मे महिन्यात ते गेले. मी अंत्ययात्रेला होते.

अर्ज द्यायच्या संध्याकाळी पाच रकाने कोरे. बंद घरं. मी भरले. काकांचाही. ते गेलेत हे विसरले म्हणावं, तर सही त्यांचीच काढली. मिटिंगच्या इतिवृत्तात असायची तशी, डावीकडे कललेली.

११ जानेवारी
साठेकाकू लेकीकडून, नौपाड्याहून परत आल्या. महापालिकेचं उत्तर अर्जातल्या पहिल्या नावाला जातं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लिफाफा काकांच्या नावाने. आपल्या मागणीनुसार काम पूर्ण.

"जन्मभर रद्दी रद्दी करत राहिले," काकू म्हणाल्या, "आणि जाता जाता केलीच की सही. मला बोलले नाहीत बघ."

मी हो म्हटलं. नुसतं हो.

१५ जानेवारी
नवऱ्याला, सुधीरला, सांगितलं. "कठडा झाला ना? सगळे असंच करतात." नेत्यांबद्दल हेच वाक्य मी या घरात किती वर्षं बोलतेय. तिरस्काराने.

बँकेत माझी सही जुळली नाही. "मॅडम, पुन्हा करा." पुन्हा केली. डावीकडे कलली.

१९ जानेवारी
काकूंनी पत्र लॅमिनेट करून काकांच्या फोटोखाली लावलंय. पाण्याच्या नव्या अर्जासाठी स्वतः दारोदार फिरतात. "ह्यांचासुद्धा विश्वास बसला होता," सांगतात. तिसऱ्या मजल्यावरचे, जे अशा कामाला कधी दार उघडत नाहीत, त्यांनीही सही केली.

सांगितलं तर काकूंचं हे जाईल. तिसऱ्या मजल्याचंही. आणि नाही सांगितलं तर

संध्याकाळी काकूंनी कागद माझ्या हातात दिला. "दोन घरं बंद आहेत. तेवढं तू बघ."

पेन कपाटात ठेवलं.

उद्या: काकूंकडे जाणे. त्या चहा टाकायच्या आत सांगणे.