आत्या, तू खासदार झालीस त्याबद्दल

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक, म्हणजे चालते-फिरते आहेत. तिकडे तू, आतोबा आणि तुझा गुडघा असे तिघेही बरे असाल अशी आशा आहे. आतोबांचा रक्तदाब कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. पुढचं वाचण्याआधी तो किती आहे ते बघून घे, आणि शक्यतो हे पत्र एकटीने, खुर्चीत नीट टेकून बसून वाच. घाबरू नकोस मात्र. घाबरायचं काम गेले तीन महिने मी इथे एकहाती करतोच आहे. काल तर मी चपला घालूनच आंघोळीला गेलो आणि बाहेर आल्यावर त्या ओल्या कशा झाल्या याचा विचार करत बसलो. तुझी भाचेसून म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, डॉक्टर नको, आत्याला पत्र लिहितो.

मी काय काम करतो हे तुला अजून नीट कळलेलं नाही. (तू सगळ्यांना ‘तो छापखान्यात असतो’ असं सांगतेस. नसतो. छापखाना खालच्या मजल्यावर आहे. मी वर बसतो.) आम्ही खासदारांचा परिचयग्रंथ काढतो. देशात जितके खासदार तितकी पानं. पानावर डावीकडे फोटो, उजवीकडे जन्म, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, छंद. त्याखाली मतदारसंघाचा छोटा नकाशा आणि शेवटी मागच्या तीन निवडणुकांत कोणाला किती मतं पडली त्याचा तक्ता. वाचायला कोणी घेत नाही, पण ग्रंथालयांना, वर्तमानपत्रांना, वकिलांना आणि पडलेल्या उमेदवारांना हा जवळ लागतो. (पडलेले उमेदवार आपला आकडा पुन्हापुन्हा बघतात. एक गृहस्थ तर दर महिन्याला येऊन उभ्यानेच बघून जातात, विकत घेत नाहीत.) एका पानाला चौतीस रकाने असतात आणि एकही मोकळा सोडायचा नाही अशी आमच्या मालकांची सक्त ताकीद आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की, दुसरे एक प्रकाशक आहेत. आम्ही त्यांना ‘समोरचे’ म्हणतो. आमचा ग्रंथ निघाला की तीन महिन्यांत त्यांचाही निघतो, आणि मालकांची खात्री आहे की ते आमचाच उतरवून काढतात. म्हणून मालकांच्या वडिलांपासून एक पद्धत चालत आलेली आहे. दर आवृत्तीत आम्ही एक खोटी गोष्ट मुद्दाम छापतो. तिला आम्ही ‘पाहुणा’ म्हणतो. पाहुणा अगदी बारका असायचा: कुणाच्या छंदात पतंग उडवणे, कुठल्या तरी नकाशात नसलेला ओढा. काय छापलंय ते चिठ्ठीवर लिहून मालकांच्या कपाटात ठेवायचं. समोरच्यांच्या ग्रंथात तोच पाहुणा दिसला की चोर सापडला. पण समोरचे चलाख, आजवर एकही पाहुणा त्यांच्याकडे जेवायला गेला नाही. म्हणून यंदा मालक चिडून मला म्हणाले, पाहुणा जरा ठसठशीत हवा.

ठसठशीत म्हणजे एखादी खोटी पोटनिवडणूक असं त्यांना म्हणायचं होतं. ते मला नंतर कळलं. मी अख्खा खासदार घातला.

आत्या, मला शिव्या दे, पण आधी माझी अडचण समजून घे. हातात एक दुपार, चौतीस रकाने, आणि खाली छापखान्यातला फोरमन जिन्यावरून ‘शेवटचं पान द्या, शेवटचं पान द्या’ म्हणून ओरडतोय. माणूस नव्याने घडवणं सोपं नसतं गं. जन्मतारीख घातली की शिक्षणाचं साल जमेना, शिक्षण जमवलं तर तो अकराव्या वर्षी पदवीधर व्हायला लागला. शेवटी मला असा कोण माणूस पाठ आहे की ज्याची सगळी सालं मी झोपेतसुद्धा सांगू शकेन? तूच. आणि फोटोसाठी ड्रॉवर उघडला तर तिथेही तूच! (तुझ्या ज्येष्ठ नागरिक पासासाठी तू पाठवलेला फोटो. हो, त्या पासाचा अर्ज मी आठ महिन्यांत भरलेला नाही. त्याबद्दल वेगळं बोलू.) नाव तुझं माहेरचं टाकलं, म्हणजे कुणाला ओळखू यायला नको. मग माहेरच्या नावाशी जुळावं म्हणून वैवाहिक स्थितीत ‘अविवाहित’ लिहिलं. हे वाक्य आतोबांना वाचून दाखवू नकोस. व्यवसायाच्या रकान्यात घाईने ‘गृहिणी’ पडलं, छंद ‘भरतकाम’ (तू सुई पाहिली की चिडतेस हे मला माहीत आहे, पण रकाना!), आणि दूरध्वनीच्या रकान्यात पेन थांबलं तेव्हा बोटांनी आपोआप तुमच्या घरचा नंबर लिहिला. मतदारसंघाला तीन दिशा जोडून ‘उत्तर-पूर्व-मध्य’ असं नाव दिलं आणि तुला नऊ हजारांनी निवडून आणलं. मला वाटलं, बेताचं असावं, डोळ्यांवर यायला नको. आमचा मुद्रितशोधक, ज्याला सगळे ‘भिंग’ म्हणतात, त्याने तुझं पान दोनदा तपासलं आणि एक स्वल्पविराम वाढवला.

ग्रंथ बाजारात गेला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी संसदेच्या ग्रंथालयातून फोन आला की सभागृहात खुर्च्या जितक्या आहेत त्याहून तुमच्याकडे सदस्य एक जास्त आहे, तर तो बसतो कुठे. मी म्हटलं, बघून सांगतो. अजून बघतोच आहे. मग एका साप्ताहिकाने आमच्याच तक्त्यांवरून उत्तम खासदारांची यादी केली, त्यात तू अकरावी आलीस, कारण तुझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही, एकही खटला नाही आणि तू कधी कुणाच्या भाषणात मध्ये बोलली नाहीस. (हे वाचून मला इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही हसू आलं.) त्यावर शेजारच्या खऱ्या मतदारसंघातल्या सदतीस लोकांनी सह्या करून अर्ज पाठवला की आमच्या रस्त्यावर दिवे नाहीत, आमचा खासदार दिसत नाही, तरी आम्हाला उत्तर-पूर्व-मध्यमध्ये घ्या. तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या बिचाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? मला खरंच वाईट वाटतं त्यांचं.

शेवटी हे मालकांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मग म्हणाले, आता एकच मार्ग आहे. समोरच्यांनी हिला उचललं, तर आपण म्हणू हा सापळा होता, त्यांच्यावर दावा लावू, आणि आपली अक्कल सगळ्यांना दिसेल. त्यांनी उचललं नाही, तर ही नुसती घोडचूक, ग्रंथ परत मागवायचे आणि तुम्ही घरी बसायचं. तीन महिने मी समोरच्यांच्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो, अगं. लहानपणी निकालाच्या दिवशीसुद्धा माझी अशी पाचावर धारण बसली नव्हती.

आणि परवा त्यांचा ग्रंथ आला! मालकांनी दुकानात उभ्यानेच अनुक्रमणिका बघितली. तुझं नाव होतं! तिथूनच वकिलांना फोन. कचेरीत येऊन त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की भिंगाचा चहा सांडला. म्हणाले, हा खटला जिंकलो तर तुम्ही संपादक. मी हसलो, आणि मग घरी येऊन रात्रभर जागा, कारण वकील म्हणतात कपाटातली चिठ्ठी पुरेशी नाही, ती आपणच लिहिलेली. न्यायालयाला खरा माणूस दाखवायला हवा. म्हणजे तू. तुला फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे की ‘मी खासदार नाही, कधीही नव्हते, आणि त्या प्रकाशकांशी माझा कसलाही संपर्क झालेला नाही’. सोबत कागद जोडला आहे, खूण केली आहे तिथे सही कर, आणि आतोबांची साक्षीदार म्हणून घे. माझी नोकरी, घराचं भाडं, धाकटीची शाळा, सगळं या एका सहीवर आलंय. तू मला लहानपणापासून कितीदा वाचवलंस त्याची यादी काढली तर आमच्या ग्रंथाहून जाड होईल. एकदा आणखी वाचव.

आतोबांना नमस्कार. (वर लिहिल्याप्रमाणे ‘अविवाहित’चा विषय टाळून.)

तुझा,
भाचा

ता. क. नाव सही करताना सासरचं लिही. माहेरचं लिहिलंस तर मी मेलो.

ता. क. २. पाकीट बंद करणार एवढ्यात मालकांनी समोरच्यांचा ग्रंथ माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी आत्ताच पहिल्यांदा तुझं पान उघडलं. आत्या, हे काय आहे? व्यवसायात ‘गृहिणी’ नाही, ‘मुख्याध्यापिका (निवृत्त)’ आहे. ‘अविवाहित’च्या जागी ‘विवाहित’ आहे. छंद ‘भरतकाम’ गेलं, ‘बुद्धिबळ’ आलं. फोटोही आमचा नाही. आतोबांच्या निवृत्तीच्या समारंभातला आहे, कडेला त्यांचा खांदा दिसतो. म्हणजे समोरच्यांनी उतरवून घेतलं नाही. त्यांनी फोन केला. आणि तू उचललास! मला माहीत आहे, तुला चुकीची माहिती कुठे तशीच राहिलेली सहन होत नाही. पण अगं, एवढ्या सगळ्या चुका दुरुस्त करताना त्यातली सगळ्यात मोठी तुला दिसली नाही का? आणि नऊ हजारांचं मताधिक्य एकोणीस हजार कोणी केलं?

ता. क. ३. तळाची ओळ आत्ता वाचली. ‘स्वीय सहायक: सदस्यांचा भाचा’, आणि खाली माझा पत्ता. तू माझ्या भल्यासाठीच केलंस, माझी ही नोकरी टिकणारी नाही असं तू नेहमी म्हणतेसच. पण मालक उद्या सकाळी दहाला हेच पान वकिलांना वाचून दाखवणार आहेत. प्रतिज्ञापत्र फाडून टाक, त्यावर सही केलीस तर तो आता खोटेपणा होईल. आता हात जोडून एकच मागतो, आत्या: राजीनामा दे. कारण प्रकृतीचं लिही, सगळे तेच लिहितात.