बंदराच्या भिंतीवर ठेवलेला माझा हात

१८ मे, शनिवार
ओर्नेल्लाचं पत्र आलं. माझ्या चौथीच्या वर्गातली. आता विद्यापीठात समुद्राखालचं उत्खनन करते. लिहिते, मास्तर, तुम्ही सांगायचात ती रोमनांच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या बंदराची भिंत शोधायला येतेय. बोट आणि पाणबुडे चारच दिवस मिळालेत, तेही तुमच्या शब्दावर. जागा तुम्ही दाखवा. सापडली तर किनाऱ्यावर पाटी लागेल, तिच्यावर तुमचं नाव.

डोळे भरून आले. चाळीस वर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आलो: एकसष्टच्या उन्हाळ्यात मी बुडी मारली आणि अडीच हजार वर्षांच्या दगडावर हा हात ठेवला. मग खिडकीकडे बघत समुद्रावरची कविता म्हणायचो. मुलं गप्प व्हायची.

ताबडतोब होकार कळवला. अडचण किरकोळ आहे. मला पोहता येत नाही. सोळा दिवस आहेत. शिकून घेऊ.

१९ मे, रविवार
काटेकोर बोलायचं तर बुडी दुईलिओने मारली. मी बोटीत होतो. पण दुईलिओ नुसता कोळी. त्याला दगड दिसले. शिडं, एल्बा बेटावरून येणारं लोखंड, धक्क्यावर वाट बघणाऱ्या बायका, हे सगळं मला दिसलं. तेव्हा शोध माझाच. हे मुद्दाम कुणाला सांगायची गरज नाही.

२१ मे. सकाळी ७.
टबमध्ये डोकं बुडवून श्वास रोखला. अकरा सेकंद. आर्जियाने दार बडवलं. मेलास का, म्हणाली, मेला असशील तर तसं सांग, सूप एकापुरतंच करते. बहीण तीन वर्षांनी मोठी, म्हणून ऐकून घेतो.

उद्यापासून वीस सेकंद.

२४ मे, शुक्रवार
आज समुद्रात उतरायचंच, असं ठरवून किनाऱ्यावर गेलो. समुद्र खवळवणारा लिबेच्चो वारा सुटला होता. निदान सुटायच्या बेतात होता. खुर्ची टाकून बसलो.

हा किनारा इतका मऊ आहे तो माझ्यामुळे, हे आज कुणाच्या लक्षातही नसेल. गुडघाभर पाण्यात वेडेवाकडे दगड असायचे, मुलांची बोटं ठेचायची. चौऱ्याहत्तरमध्ये नगरपालिकेला पत्र लिहिलं. चर्चची घंटा, बागेतला बाक, हे दगड: तिन्ही कामं माझ्या पत्रांनी झाली. पत्र चांगल्या भाषेत लिहावं, सरकार हलतं.

२८ मे, मंगळवार
अगदीच खोलात शिरायचं तर मी बोटीतही नव्हतो. मला बोट लागते. दुईलिओने संध्याकाळी बारमध्ये सांगितलं. पण खुणा त्याने माझ्या एकट्याच्या कानात सांगितल्या: घंटाघर मोठ्या पाइनच्या शेंड्यावर आलं आणि पहाऱ्याचा बुरूज मिठाच्या गोदामाच्या कोपऱ्याला लागला की खाली भिंत. वहीत अजून आहेत.

दुपारी त्याच्याकडे गेलो. गुडघे गेलेत त्याचे, ओट्यावर जाळं विणत बसतो. म्हटलं, बुडी कुणी मारली तो विषय काढू नकोस. म्हणाला, मी कशाला काढू? मग म्हणाला, मास्तर, मी दिलेल्या खुणा तू देणार त्या पोरीला? म्हटलं, देणार. इतका हसला की खोकला आला. भावना अनावर झाल्या असाव्यात.

१ जून, शनिवार. १०.००.
भाड्याने आणलेला रबरी पोशाख सवय व्हावी म्हणून चढवतोय. कमरेपर्यंत आला.
१०.४०. चढला. आरशात बरा दिसतो.
११.१५. निघत नाही. चेन पाठीवर. हात पोचत नाही.
१२.३०. आर्जिया अजून बाजारात. बसताही येत नाही. हे उभ्याने लिहितोय.
१.१०. आर्जिया आली. आधी हसून घेतलं, मग ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. सोलता सोलता म्हणाली, एर्मेते, त्या पोरीला खरं का नाही सांगून टाकत? एकसष्टच्या अख्ख्या जुलैत तुला गालगुंडं झाली होती, फडकी मी बांधत होते.
म्हटलं, उन्हाळ्यात ऑगस्टही येतो.
बाटलीला बूच लावलं. तेलाचे पैसे माझ्याकडून घेणार म्हणते.

३ जून, सोमवार
ओर्नेल्ला आली. किती मोठी झाली. सगळ्या पाणबुड्यांसमोर म्हणाली, या मास्तरांमुळे मी पाण्यात उतरले. त्याच क्षणी सगळं सांगून टाकणार होतो. तेवढ्यात तिने मला मिठी मारली. मिठीत बोलता येत नाही.

आज कंबर दुखते म्हणून सांगितलं. चारातला एक दिवस गेला.

४ जून, मंगळवार
आज खोकला. तिने औषध आणि गरम सूप पाठवलं. आर्जियाने सूप प्यायलं. सारखी माझ्याकडे बघत होती. दुसरा दिवस गेला.

५ जून, बुधवार
दोघा पाणबुड्यांनी दंडाला धरून बोटीत बसवलं. फुगवलेलं जाकीट, चहूकडे पाणी, उतरायला कुठे जागा नाही. तीनदा ओकलो. घंटाघर पाइनवर, बुरूज गोदामाला. हात वर केला: इथे.

पाणबुडे पन्नास मिनिटं खाली होते. मी डोळे मिटून कविता म्हणत होतो. वर आले. वाळू. नुसती वाळू. आणि एक कपडे धुण्याचं यंत्र.

ओर्नेल्ला म्हणाली, काही हरकत नाही, मास्तर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ जून, गुरुवार
सकाळी तिला दुईलिओकडे नेलं, खुणा तपासायला. तो म्हणाला, अगं पोरी, कोळी खरी खूण कुणाला देतो का? मी बायकोलाही दिली नाही. त्या भिंतीच्या भोकाभोकांत ऑक्टोपस बसायचे. याला खरं सांगितलं असतं तर याने वर्गात सांगितलं असतं, आणि चाळीस पोरं माझ्या ऑक्टोपसांवर. पुढे कुणीतरी दगडच उचलून नेले. ऑक्टोपसही गेले. आता माझे गुडघे गेले, चल, दाखवतो.

आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर, माझ्या खुर्चीपासून तीस पावलांवर थांबला. काठी पाण्याकडे केली. ओर्नेल्लाने त्याला विचारलं, तुम्ही बुडी इथे मारलीत? म्हणाला, बुडी कसली, पँट दुमडली होती.

संध्याकाळपर्यंत वाळू उपसली. नीट घडलेले चिरे, एकाला एक लागलेले. नऊ मीटर भिंत. पुढे तोडलेली. शेवटच्या दिवशी सापडली.

मी खुर्ची उचलून घरी आलो. जेवलो नाही.

७ जून, शुक्रवार
बाकीचे दगड कुणी काढले ते बघायला ओर्नेल्ला नगरपालिकेत गेली. जुनी फाइल आली. अक्षर तिने लगेच ओळखलं. चौथीत तिला तेच गिरवायला लावलं होतं मी.

आमच्या स्वयंपाकघरात तिने ते मोठ्याने वाचलं. ‘हे निरुपयोगी, कुरूप दगड.’ शेजारी बसलेल्या दुईलिओने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, म्हणजे माझे ऑक्टोपस तू खाल्लेस, मास्तर.

मी सगळं सांगितलं. बोट, बार, गालगुंडं. आर्जियाने चौघांपुरतं सूप केलं.

८ जून, शनिवार
सकाळी किनाऱ्यावर कुणी नव्हतं. पाण्यात उतरलो. मोजे काढायचे राहिले. पाणी गुडघ्याएवढं. वाकून उरलेल्या दगडावर हात ठेवला. शेवाळ बुळबुळीत. कविता आठवली नाही.

मागून ओर्नेल्ला आली. तीही शेजारी उभी राहिली. फाइलीत आणखी एक कागद होता, म्हणाली, काल सगळ्यांसमोर वाचला नाही. दगड इतक्या तत्परतेने काढल्याबद्दल नगरपालिकेला आभाराचं पत्र. माझ्याच अक्षरात. शेवटी समुद्रावरच्या कवितेच्या चार ओळी.