दूध तोडल्यावर

३ एप्रिल
लेक वैशू नातीला घेऊन आली. ओवी आता काटा काढून दिला की बांगडाही खाते, तेव्हा दूध तोडायचं ठरलं. मंदाने कुंपणाजवळचा मोगरा खुडून फडक्यात घातला, लेकीच्या छातीला बांधला. दूध आटवायची आमच्याकडची जुनी रीत. घरभर वास.
वैशूच्या वेळी माझ्या आईने मंदाला असाच बांधला होता. तेव्हा मी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर. खेप करून आलो की वास दारातच गाठायचा. पोर दुधासाठी रडे, मंदा पाठ फिरवून बसे. मी वैशूला खांद्यावर टाकून किहीमच्या वाळूत फेऱ्या मारायचो. मऊ केस, खारा वारा... असो.

११ एप्रिल
गाडीचं बेअरिंग जायच्या आधी आवाज देतं, ड्रायव्हरचा कान तो ओळखतो. ओवीने छातीवर डोकं टेकवलं की वैशू श्वास आत ओढते. रोज.
आज स्वयंपाकघरातलं कानावर आलं. मंदा सांगत होती, "दुधाची गाठ हाय गो. मोगरा बांध, विरंल."
आत जाऊन विचारलं, तर म्हणे, "तुमी बायकांच्या गोष्टीन पडू नका."
बाहेर आलो. चहा गोड लागला नाही.

१९ एप्रिल
दूध आटलं. गाठ तशीच. वैशूला म्हटलं, गाडी काढतो.
"बाबा, दुधाचीच असंल."
"असली तर येताना कलिंगड घेऊ. चल."
अलिबागला सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. कलिंगड घेतलं नाही.

२६ एप्रिल
कॅन्सर. लिहून टाकलं एकदाचं.
बाई म्हणाल्या, दूध थांबलं की छाती पुन्हा पहिल्यासारखी होऊ लागते. शरीर दुधाच्या ग्रंथी मोडून साफसफाई करतं, जखम भरताना करतं तशी. गाठ आधीच असली तर त्या धामधुमीत तिला पसरायला वाट मिळू शकते. म्हणून बाळंतपणानंतरची गाठ अंगावर काढायची नाही.
मला आमचं मिठागर आठवलं. हंगाम संपला की बाबा बांधाची उघाडी, पाणी अडवायची फळी, उचलत. खाडीचं पाणी आत घुसे, त्याबरोबर चिंबोऱ्या, मासळीची पिल्लं, कुठली कुठे. मी टाळ्या पिटायचो.
मंदाने विचारलं, "मी मोगरा बांधला म्हून झाला का?"
"नाही मावशी. पाजल्याने नाही, मोगऱ्याने तर नाहीच. थोडे दिवस गेले, इतकंच."
मंदाने तेवढं शेवटचंच ऐकलं.

२ मे
मुंबईला मोठं स्कॅन. पसरलाय का, त्यात कळेल. येताना कार्लेखिंडीत वैशू म्हणाली, "बाबा, ओवीला माझा वास आठवंल का?"
मी गिअर बदलला.

५ मे
बाईंचा फोन दुपारी यायचाय.
मंदा मोगऱ्याकडे बघत नाही. फुलं झाडावरच पिवळी पडतात. आज सकाळी वैशू परडी घेऊन गेली, गजरा करून आली.
"नको गो ती फुला घरान."
"आई, औषधं सुरू झाली की केस जातील. हायत तवर माळते. लाव."
मंदाने लावला. पिन नीट बसवली. ओवी आईच्या मानेत तोंड खुपसून बसली. वैशूने श्वास आत ओढला. वासासाठी, की दुखलं म्हणून? माझे कान एवढे तयार, पण आज काही कळलं नाही.